सायकलचं वजन जातं कुठं?

चाळीस लिटरचा कॅन भरला की त्यातलं नुसतं दूधच ४१ किलो भरतं. आंतरराष्ट्रीय रस्ता-शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम. म्हणजे माळशिरसजवळच्या एखाद्या वस्तीवरून डेअरीला दूध घालायला निघालेला गडी कॅरिअरला अशा सहा सायकली बांधून निघालेला असतो! खालची काळी सायकल वीसेक किलोची, ती वेगळीच. तरी सपाट डांबरीला लागला की तो आरामात पायडल मारतो. एवढं ओझं जातं कुठं?

सपाटीला वजन उचलायचं नसतं, नुसतं ढकलायचं असतं. चांगल्या टायरला डांबरी रस्त्याचा विरोध एकूण वजनाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. बेताच्या चालीनं जाणारा धडधाकट माणूस १०० वॅटची ताकद लावतो असं धरलं, तर एक जादा किलो त्याला दहा किलोमीटरमागे फार तर दहा सेकंदांना पडतो. खरा आडवा येतो तो वारा. वेग दुप्पट केला की त्याचा रेटा चौपट. आणि टायर बसका होऊन रस्त्याचा विरोध दीडपट झाला, तर सपाटीवर स्वार-सायकल मिळून १०० किलो असलेल्यावर आणखी ५० किलो लादल्यागत होतं. हलकी फ्रेम घेण्याआधी पंप घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

पण तीच सायकल नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरच्या चढाला घाला. आता प्रत्येक किलो खरोखरच वर न्यायचा. ३०० मीटर उंची गाठायला त्याच १०० वॅटनं एका किलोमागे अर्धं मिनिट, दहा किलोमागे पाच मिनिटं! तो किलो फ्रेममधला, पाण्याच्या बाटलीतला की पोटावरचा, चढाला सगळं सारखंच. (बाटली रिकामी करायला मात्र पैसे पडत नाहीत.)

फ्रेमची गंमत याहून मोठी. पोलाद ॲल्युमिनिअमच्या जवळपास तिप्पट जड, पण ताठही तिप्पट. मग नुसता धातू बदलून फायदा काय? फायदा आहे नळीच्या घेरात. तेवढ्याच धातूची नळी रुंद केली की ताठपणा झपाट्यानं वाढतो. ॲल्युमिनिअमच्या सायकलींचे दांडे म्हणूनच फुगीर. पोलादाची नळी तेवढी रुंद करून वजनही तेवढंच ठेवायचं, तर पत्रा इतका पातळ होईल की सायकल स्टँडवरून कलंडली तरी दांड्याला पोचा पडेल.