पटावरच्या गव्हाचा हिशेब

राजा खूश होऊन "माग" म्हणाला आणि पंडिताने बुद्धिबळाच्या पटावर गहू मागितले, ही गोष्ट आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक आहे. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने ती अरबीत लिहून ठेवली. त्यात मागणाऱ्याचे नाव सिस्सा आहे. गोष्ट दंतकथा म्हणून सोडून द्या, हिशेब मात्र करून पाहण्याजोगा आहे.

चांगल्या भरलेल्या गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात. पहिल्या १६ घरांत मिळून ६५,५३५ दाणे, म्हणजे अडीच किलोच्या थोडे वर. एवढे तर आपण दळणाला नेतो. २४ घरांपर्यंत पावणेसात क्विंटल होतात. राजा इथवर हसतच असणार! अर्धा पट, म्हणजे ३२ घरे भरली की १,७०० क्विंटल. आणि सगळा पट भरायचा तर दाणे लागतात:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सन ११५०) एकं, दहं, शतं करत शेवटचे स्थान परार्ध आहे. त्या मापाने हे १८४ परार्ध झाले. आज सगळ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. तसे नऊशे वर्षांचे पीक एकत्र केले तरच हे देणे फिटेल.

गावात येणाऱ्या साखळी योजनांचा पट हाच असतो, बरे का. एकाने दोघांना आणायचे, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना. एकतिसाव्या पायरीला माणसांची बेरीज २१४ कोटींवर जाते. सारा भारत देशही पुरत नाही. मग शेवटी आलेल्यांचे पैसे बुडणार हे ठरलेलेच. म्हणून तर १९७८ साली अशा योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला.

आता गंमत पाहा. ही एवढी अवाढव्य संख्या शाळकरी मूलही फोडू शकते. शेवटी ५ आहे, म्हणजे ५ ने भाग गेला. सर्व अंकांची बेरीज ८७, तेव्हा ३ नेही गेला. पुढची युक्ती राशींची. वरच्या ३२ घरांतल्या गव्हाची एक रास समजा; तिच्यात ४,२९,४९,६७,२९५ दाणे. तेहतिसावे घर पहिल्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट, चौतिसावे दुसऱ्याच्या तितकेच पट, असे शेवटपर्यंत. म्हणजे खालच्या अर्ध्या पटात तेवढ्या राशी, आणि वरची एक धरून ४,२९,४९,६७,२९७.

त्या एका राशीचेही असेच अर्धे अर्धे करत गेले, की ती ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार निघते. या पाचही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कोणीही त्यांना निःशेष भागत नाही. सतराव्या शतकातले फ्रान्सचे थोर गणिती फर्मा यांना वाटले, याच मालिकेतली पुढची ४,२९,४९,६७,२९७ हीसुद्धा मूळच असणार. फर्मांचाच शब्द, तेव्हा शंका कोण घेणार! १७३२ साली ऑयलर या तरुण स्विस गणित्याने तिला ६४१ ने भागून दाखवले. भागाकार आला ६७,००,४१७. मुलांना पाटीवर हा गुणाकार करायला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे.

तेव्हा सिस्साची ती सबंध रास ३ भावांत, ५ भावांत, १७ घरांत किंवा ६४१ गावांत वाटली, तर प्रत्येकाला अगदी सारखा वाटा मिळेल. सात भावांत वाटायला घेतली, तर मात्र एक दाणा उरतो.