क्रॉनच्या ओळी, टायमरच्या फायली

सकाळी ९.३०
सर्व्हरवर लॉगिन करून क्रॉनटॅब उघडते. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासूनचा, सिस्टिमडी २०१० चा. क्रॉनमध्ये मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे कमांड, एवढ्यात काम संपतं. आज यातली कामं सिस्टिमडीच्या टायमरवर न्यायची आहेत.

१०.१५
आधी बॅकअप. एका ओळीच्या दोन फायली होतात: काय करायचं ते सर्व्हिसमध्ये, कधी करायचं ते टायमरमध्ये. सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणून रात्री २.३० पुढे ‘एशिया/कोलकाता’ लिहिते. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर’ पुढची वेळ आदल्या दिवशीचे २१.०० दाखवतो. बरोबर. मग सर्व्हिस हातानं सुरू करून बघते. रात्रीची वाट बघायला नको.

दुपारी १२.००
महिन्याच्या पहिल्या सोमवारचा रिपोर्ट. क्रॉनच्या ओळीत तारीख १ ते ७ आणि वार सोमवार. पण दोन्ही दिले की क्रॉनला त्यातलं एक जुळलेलंही पुरतं, त्यामुळे रिपोर्ट सातही दिवस आणि शिवाय दर सोमवारी निघायचा. टायमरला दोन्ही जुळावं लागतं. जेवताना अकाउंट्सच्या मॅडमना हे सांगितलं. “अगं, ते जादा मेल मी सवयीनं डिलीट करत होते!”

२.३०
वेळेला मशीन बंद असेल तर? क्रॉन ती पाळी सोडून देतो. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ लावलं तर मशीन सुरू होताच हुकलेलं काम होतं. बॅकअपला लावते. हप्त्याच्या सकाळच्या एसएमएसला नाही; तो रात्री अकराला गेला तर ग्राहक शिव्या घालतील. जुन्या ओळीत हा विचार लिहिलेलाच नसतो, तो ज्याच्या त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो.

४.००
दर पाच मिनिटांचं सिंक. आधीचं रेंगाळलं तरी क्रॉन दुसरं सुरू करायचा. टायमर तसं करत नाही. चालू सर्व्हिस तो पुन्हा उठवत नाही.

५.००
क्रॉन आउटपुट मेलनं पाठवायचा, टायमरचं जर्नलमध्ये जातं. तिथं रोज कोण डोकावणार? प्रत्येक सर्व्हिसला ‘ऑनफेल्युअर’ जोडून बिघाडाचा मेल सुरू करते.

६.००
टायमर एनेबल करते, क्रॉनच्या त्या ओळींपुढे # टाकते. नाहीतर बॅकअप दोनदा. उरते एकच: रविवारी पहाटे एका फोल्डरमधल्या फायली पुसणारी. कोणी, कशासाठी लिहिली, असा मेल सगळ्या टीमला टाकते. उत्तर येईपर्यंत ती क्रॉनमध्येच राहील.