काशीदच्या वाळूत चाक रुतते, निधी कुठे रुततो?

काशीद म्हटले की पांढरी वाळू, सुरूची झाडे आणि शनिवार-रविवारची गर्दी एवढेच बहुतेकांना आठवते. अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. किनाऱ्यावर टपरी, नारळपाणी, घोडागाडी, घरगुती खानावळ यांवर पोट भरणारी माणसे मागच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्यातला कुणी पायाने अधू झाला, कुणाची नजर गेली, कुणाच्या मुलाला ऐकू येत नसले, की घरात एकच वाक्य ऐकू येते: साधन पाहिजे, पण पैसा नाही.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. पैसा आहे आणि तो एका नाही, चार-पाच ठिकाणी आहे. मात्र प्रत्येक ठिकाणची कागदपत्रे वेगळी, वेळ वेगळी, आणि कोणते साधन मागायचे हे ठरवायला मदत करणारा माणूस गावात नसतो. ती जागा आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी घ्यावी, म्हणून हा लेख.

प्रश्न केवढा मोठा आहे, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2022 मध्ये मांडलेल्या अहवालानुसार जगात अडीच अब्ज लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे. त्यांतल्या जवळजवळ एक अब्ज लोकांना ते मिळत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि मला तो सर्वांत बोचतो. देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते. उरलेल्यांसाठी बहुतेक सरकारी योजनांचे दार पहिल्याच पायरीला बंद.

एक कल्पित उदाहरण घेऊ. काशीदच्या किनाऱ्यावर नारळपाणी विकणारा पन्नाशीचा माणूस. मधुमेहामुळे त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नातेवाईक धावपळ करतात आणि कुठल्या तरी वाटपाच्या कार्यक्रमात त्याला व्हीलचेअर मिळते. फोटो निघतो, हार घातला जातो. ती खुर्ची रुग्णालयातल्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेली असते. तिची पुढची छोटी चाके वाळूत रुततात, वस्तीतल्या चढाच्या पायवाटेवर अडतात. खाऱ्या हवेने सांधे गंजतात. वर्षभरात खुर्ची पडवीत कपडे वाळत घालायच्या कामाला येते. निधी खर्च झाला, लाभार्थी मोजला गेला, आणि माणूस घरातच राहिला.

या माणसाला खरे तर कृत्रिम पाय हवा होता. जखम भरून सूज उतरेपर्यंत कुबड्या किंवा वॉकर, मग मापाचा पाय आणि तो लावून चालण्याचा सराव. पायाचेही प्रकार आहेत. जयपूर फूट हा रबरी पाय अनवाणी चालणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे, पाण्या-चिखलात वावरणे हे सगळे लक्षात घेऊन घडवला गेला. वाळूत उभे राहून धंदा करणाऱ्याला तो व्हीलचेअरपेक्षा नक्कीच जवळचा. म्हणून निधी शोधायच्या आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि कॅलिपरची सोय आहे. कानाच्या तपासणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. काशीदहून मांडवा गाठून बोटीने मुंबईला जाता येते. एका पायावर तो प्रवास सोपा नाही, सोबत कुणीतरी लागतेच. तो कुणीतरी तुम्ही असू शकता.

आता कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 ने अपंगत्वाचे प्रकार 21 केले आणि बहुतेक लाभांसाठी 40 टक्क्यांची अट ठेवली. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीसाठी आपल्याला सहसा अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. मोबाइलवर अर्ज भरून देणे, तपासणीचा दिवस विचारून ठेवणे, गाडीत चार जणांना एकत्र नेणे ही कामे एखाद्या विहार समितीला किंवा तरुण मंडळाला एका रविवारच्या बैठकीत ठरवता येतात. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि लागू असेल तर जातीचा दाखला. यातल्या कुठल्याही कागदासाठी एजंटला पैसे देऊ नका.

पहिली मोठी योजना केंद्राची, एडिप. ती 1981 पासून चालू आहे. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी आणि राष्ट्रीय संस्था यांच्यामार्फत तीतून साधने दिली जातात. मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर योजनेच्या मर्यादेतली पूर्ण किंमत, आणि 30,000 पर्यंत असेल तर निम्मी किंमत मिळते. त्याच कारणासाठी मागच्या तीन वर्षांत लाभ घेतलेला नसावा. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे, कारण मूल वाढते आणि कॅलिपर वाढत नाही. प्रवासखर्चाची मर्यादित तरतूदही आहे, सोबत जाणाऱ्यासाठीसुद्धा. ती मागावी लागते.

एडिपचे शिबिर दोन टप्प्यांत होते. आधी तपासणी व माप, नंतर काही महिन्यांनी वाटप. आपले लोक वाटपाच्या दिवशी पोहोचतात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण पहिल्या दिवशी त्यांचे नावच लागलेले नसते. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तपासणी शिबिराची तारीख विचारत राहणे कंटाळवाणे आहे. पण सगळा फरक तिथेच पडतो.

साधनाची किंमत योजनेच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर? एडिपच्या नियमांत वरची रक्कम राज्य सरकार, संस्था, अन्य कुणी किंवा लाभार्थी यांनी भरायला वाव आहे. म्हणजे दोन ठिकाणचा पैसा जोडता येतो, आणि इथे ग्रामपंचायत कामाला येते.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते. स्वतःचे उत्पन्न म्हणजे वरून आलेले अनुदान नव्हे. घरपट्टी, पाणीपट्टी, भाडी, फी वगैरे. शेतीवर जगणाऱ्या लहान गावात ही रक्कम नगण्य असू शकते. पर्यटनाच्या गावाचे तसे नाही. रिसॉर्ट, कॉटेज, होमस्टे यांचीही घरपट्टी असते. समजा एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला 10 लाख आहे, तर 50 हजार रुपये दिव्यांगांचे झाले. ही कुणाची मेहेरबानी नाही. माझ्या मते किनारपट्टीच्या गावांत सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

बऱ्याच ठिकाणी हे पैसे आर्थिक वर्ष संपता संपता सगळ्यांना सारखे वाटून टाकले जातात. प्रत्येकाच्या खात्यात थोडे थोडे. हातावर पोट असलेल्या घराला ती रक्कमही लागते, त्यामुळे तिला नाक मुरडणे मला पटत नाही. पण तेवढ्यात ना पाय येतो ना श्रवणयंत्र. गावातल्या दिव्यांगांनी एकत्र बसून, यंदा कुणाची गरज तातडीची आणि पुढच्या वर्षी कुणाची, असे ठरवले तर तोच निधी साधनाला पुरतो. हा निर्णय सरपंचांनी किंवा आपण त्यांच्यावर लादायचा नाही, तो त्यांचा त्यांनी घ्यायचा.

याच स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबे त्यात येतात. आपल्या वस्तीतला दिव्यांग माणूस या दोन्ही तरतुदींच्या कक्षेत बसतो, हे ग्रामसेवकालाही कधी कधी सांगावे लागते. एकच साधन दोनदा मागू नका. पण कृत्रिम पाय एडिपमधून आणि घराच्या उंबऱ्याशी उतार किंवा शौचालयात पकडायची दांडी ग्रामपंचायतीच्या निधीतून, अशी मागणी करण्यात काहीच गैर नाही.

शाळेतल्या मुलांचा मार्ग वेगळा आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत पुस्तके, शिक्षणसाहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत देणे ही 2016 च्या कायद्यानेच टाकलेली जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि समग्र शिक्षातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठा. बहिऱ्या बाळाच्या बाबतीत मात्र थांबू नका. कॉक्लिअर इम्प्लांटला एडिपमधून मदत मिळते, पण त्यासाठी वयाची मर्यादा आहे. बोलण्याची भाषा लहानपणीच रुजते, त्यामुळे गेलेले वर्ष परत मिळत नाही. "मोठा झाला की बोलेल" हे आजीचे वाक्य प्रेमाचे आहे, पण महागात पडते.

ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 मध्ये आली. तीत 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा गोष्टींसाठी 3,000 रुपये खात्यात जमा करण्याची तरतूद आहे. तीन हजारांत चांगले श्रवणयंत्र येत नाही, काठी आणि चष्मा येतो.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा शब्द हल्ली प्रत्येक तरुणाच्या तोंडी असतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, आणि कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे आहे. रायगडात थळला आरसीएफ, डोलवीला जेएसडब्ल्यू, उसरला गेल असे मोठे प्रकल्प आहेत. पण कंपनी बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करते तेव्हा ती संस्था सीएसआर-1 अर्जाने नोंदलेली लागते. त्यासाठी 12ए, 80जी असे आयकराचे दाखले हवेत. आपल्या बहुतेक मंडळांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, पुढचे काहीच नसते. त्यासाठी घाईने नवी संस्था काढू नका. अशा नोंदणीची जुनी संस्था शोधा आणि आपण गावातली तपासलेली यादी, मापे, दाखले घेऊन तिच्याकडे जा. यादी तयार असलेल्या गावाचे काम लवकर पुढे सरकते. कृत्रिम पायापुरते बोलायचे तर 1975 मध्ये जयपूरला सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते.

समाजमाध्यमांवर पैसे गोळा करणे हा शेवटचा मार्ग ठेवा. तुटलेल्या पायाचा फोटो गावभर फिरवून चार हजार मिळतात, आणि तो माणूस पुढे आयुष्यभर त्या फोटोने ओळखला जातो.

सगळ्याच साधनांना पैसे लागत नाहीत, हेही सांगायला हवे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतेच. ते चालू केले की फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. संगणकासाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते मराठीही वाचते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला इथे निधीपेक्षा शिकवणारा हवा असतो. दोन संध्याकाळी बसून एखादा महाविद्यालयीन मुलगा हे शिकवू शकतो.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. किनाऱ्यावर दमट हवेने श्रवणयंत्रे बिघडतात. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे असते, बॅटऱ्या लागत राहतात. तीनचाकीचे टायर, कुबडीचे रबर, कृत्रिम पायाचा पट्टा झिजतो. साधनाची योजना तीन वर्षांनी पुन्हा येईल, टायर आज फुटला आहे. 5 टक्के निधीतून दुरुस्तीसाठी वेगळी छोटी रक्कम ठेवावी, अशी मागणी करा. मुरूड-अलिबागच्या सायकल दुरुस्तीवाल्याला तीनचाकीची बरीच कामे जमतात.

ग्रामपंचायतीकडे आधी माहिती अधिकारात अर्ज द्या: मागच्या तीन वर्षांचे स्वउत्पन्न किती, त्यातले 5 टक्के किती झाले, खर्च कशावर झाला, शिल्लक किती. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आकडे हातात आले की दिव्यांग व्यक्तींनी स्वतः ग्रामसभेत विषय मांडावा. सभा त्यांना पोहोचता येईल अशा जागी घ्यायला लावा. ठराव लिहून घ्या, त्याची प्रत मागा. खर्च होतच नसेल तर मुरूडच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे, आणि पुढे पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पुढच्या वर्षाचा आराखडा आणि अंदाजपत्रक हिवाळ्यात ठरते, म्हणून 2 ऑक्टोबरची ग्रामसभा सर्वांत उपयोगाची. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी ऑगस्टमध्येच टाकायला हवा.