बॅटरी पूर्ण बसली. गाडी उठवायची कशी?

पहाटे बाजाराला निघायचे आहे, टेम्पोत माल भरलेला आहे आणि चावी फिरवली तर काहीच होत नाही. सेल्फ घरघरत नाही की मीटरचा दिवा लागत नाही. ज्याची रोजी गाडीवर चालते त्याचा असा दिवस वाया जातो. नाशवंत माल असेल तर दिवसाबरोबर भांडवलही जाते. मग घाईघाईत कोणाच्याही सांगण्यावरून कुठलीही वायर कुठेही जोडली जाते आणि दोन-तीनशे रुपयांच्या चार्जिंगचे काम हजारोंच्या दुरुस्तीवर जाते. म्हणून हा विषय आपल्या व्यापारी बांधवांनी आणि इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या कारागिरांनी नीट समजून घेण्यासारखा आहे.

बॅटरी कमी होणे वेगळे आणि पूर्ण बसणे वेगळे. दिवे मंद लागतात, सेल्फ टकटक करतो, तेव्हा बॅटरीत थोडी जान शिल्लक असते. दिवाच लागत नाही तेव्हा ती संपली असे समजावे, पण त्याआधी टर्मिनल हलवून पाहावे. पांढरी-हिरवी पूड साचून नुसता जोड तुटलेला असतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती पूड धुता येते. मीटर असेल तर हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12 वर आली की जेमतेम पाव शिल्लक असते, आणि 10.5 च्या खाली ती रिकामीच धरावी. तीन-चार व्होल्ट दाखवणारी बॅटरी म्हणजे आपण बोलतो आहोत ती.

रस्त्यावरचा पहिला उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीची बॅटरी लावणे. दोन्ही गाड्या बंद ठेवाव्यात आणि त्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. लाल वायरचा एक चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावावा. नंतर काळ्या वायरचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला लावावा. शेवटचा काळा चिमटा बसलेल्या बॅटरीवर लावू नये. तो इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर लावावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी हमखास उडते. हवेत हा वायू चार टक्के झाला तरी पेट घेतो. बॅटरी फुटून तेजाब डोळ्यांत जाण्याचे प्रकार यातूनच होतात. तेजाब डोळ्यात गेलेच तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि थेट डॉक्टरांकडे जावे.

वायर जोडल्याबरोबर सेल्फ मारण्याची घाई बहुतेक जण करतात. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर तीच सगळा करंट ओढत असते, सेल्फला काही मिळत नाही. चांगल्या गाडीचे इंजिन चालू करून, थोडा रेस ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. एवढे करूनही इंजिन फिरले नाही तर बहुधा वायर बारीक आहे. छोट्या मोटारीचा सेल्फसुद्धा शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. बाजारात जाड रबराच्या आत केसासारखे तांबे असलेल्या वायरी मिळतात. घेताना आतले तांबे पाहावे, नुसता बाहेरचा जाडेपणा पाहू नये.

ट्रकची मदत घेण्याचा मोह टाळावा. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. ते मोटारीत गेले की तिचा कंप्युटर जळतो. गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर तपासायला बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुन्या मिस्त्रींची सवयही आजच्या गाड्यांना तितकीच घातक आहे.

राहिला धक्का. डायनामोच्या जमान्यात धक्का चालत असे, कारण डायनामोच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो स्वतःच वीज तयार करू लागतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीतून थोडा करंट लागतो. शिवाय आजच्या पेट्रोल गाडीचा पेट्रोल पंप, इंजेक्टर, कंप्युटर हे सगळे विजेवर चालते. म्हणून बॅटरी पूर्ण बसली असेल तर दहा माणसांनी ढकलूनही गाडी उठत नाही. ज्या जुन्या डिझेल गाडीचा पंप निव्वळ यांत्रिक आहे आणि डिझेल थांबवणारा विजेचा व्हॉल्व्ह नाही, तीच सेकंड गिअरमध्ये धक्क्याने चालू होईल. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर धक्का मारूच नये.

गाडी चालू झाली म्हणजे काम झाले असे नाही. रिकामी बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरीत भरत नाही आणि अल्टरनेटरवर नाहक ताण येतो. दुकानात चार्जिंगला लावणेच बरे. अँपिअर-अवरच्या एक-दशांश करंट द्यावा, म्हणजे 35 च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटी वाकतात. आतले पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेजाब नाही. नवे ऑटोमॅटिक चार्जर पूर्ण बसलेली बॅटरी ओळखतच नाहीत. अशा वेळी चांगली 12 व्होल्टची बॅटरी काही मिनिटे प्लसला प्लस, मायनसला मायनस अशी जोडून ठेवली की चार्जर काम धरतो. चार्जिंगची जागा हवेशीर असावी आणि तिथे विडी-सिगारेट मुळीच नको.

चार्ज झालेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजावी. 12.4 च्या वर असेल तर वापरायला हरकत नाही. 10.5 च्या आसपासच राहिली तर एक सेल गेला; प्रत्येक सेलचे 2.1 धरले तर पाच सेलचे तेवढेच होतात. मग तिच्यावर आणखी पैसे घालू नयेत.

मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उभ्या राहिलेल्या कित्येक गाड्यांच्या बॅटऱ्या अशाच बसल्या. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, माल-गाडीतला जीपीएस थोडा थोडा करंट घेत असतात. 50 मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर होतात, म्हणजे 35 ची बॅटरी महिनाभरात साफ. गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवावी. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

नवीन बॅटरी घ्यावीच लागली तर जुनी दुकानदारालाच परत द्यावी. 2022 च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी. घराच्या अंगणात शिसे वितळवण्याचा धंदा काही ठिकाणी चालतो, त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूला बाधतो. जुन्या बॅटरीची वजावट दुकानदार बिलातून देतो. ती किती दिली, हे बिलावर लिहून घ्यावे.