कर्नलच्या पोटात (७) : धरून ठेवलेले ठोके

गेल्या आठवड्यात प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज उतरवून वीज कशी वाचवतात ते पाहिलं. पण मोबाइलच्या किंवा राउटरच्या चिपमध्ये प्रोसेसर एकटा नसतो. त्याच सिलिकॉनवर यूएसबी, डिस्प्ले, कॅमेरा, सिरियल पोर्ट, मेमरी कार्ड यांचे कंट्रोलर दाटीवाटीनं बसलेले असतात आणि प्रत्येकाला क्लॉक लागतो. हे वेळ दाखवणारं घड्याळ नव्हे. ठरावीक गतीनं वर-खाली होणारा हा विजेचा ठोका आहे, आणि त्याच्या तालावर आतलं प्रत्येक फ्लिप-फ्लॉप एकेक पाऊल टाकतं.

समजा, कॅमेऱ्याला काही काम नाही, पण त्याचा १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक चालूच राहिला. म्हणजे त्या क्लॉकच्या तारा सेकंदाला १० कोटी वेळा भरतात आणि तितक्याच वेळा रित्या होतात. सीमॉस सर्किटमध्ये वीज जाते ती बरीचशी या भरण्या-ओतण्यातच. डेटाची तार किंमत बदलली तरच हलते. क्लॉकची तार मात्र दर ठोक्याला हलते, समोर काम असो वा नसो. त्यामुळे नुसत्या बसून असलेल्या कंट्रोलरचाही बॅटरीवर भार पडतो.

उपाय हार्डवेअरमध्येच असतो. क्लॉकच्या वाटेवर एक गेट बसवलेलं असतं आणि त्याची किल्ली म्हणजे रजिस्टरमधला एक बिट. गेटजवळ एक लॅचही ठेवतात, म्हणजे ठोका अर्ध्यावर असताना तो कापला जाऊन अर्धवट टोक पुढे जात नाही. बिट शून्य केला की पुढचा सगळा भाग जागच्या जागी थबकतो. एवढं सोपं असताना अडतं कुठे? अडतं ते हे गेट कुणी आणि कधी बंद करायचं यावर.

बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचं उदाहरण घेऊ. त्यावर २४ मेगाहर्ट्झचा स्फटिक आहे. चिपमधला एक पीएलएल त्यावरून ९६० मेगाहर्ट्झ तयार करतो. त्याला ५ ने भागून १९२ मिळतात. या १९२ ला ४ ने भागून सिरियल पोर्टचे ४८ आणि २ ने भागून मेमरी कार्डाचे ९६ मेगाहर्ट्झ निघतात. कालव्यावरून वितरिका आणि वितरिकेवरून चाऱ्या निघाव्यात तशीच ही रचना. सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरला वाटलं म्हणून १९२ चा उगम बंद करता येत नाही. पलीकडे मेमरी कार्डावर फाइल लिहिली जात असेल. पाटकऱ्याला कोणत्या चारीवर कुणाची पाळी आहे ते ठाऊक असावं लागतं.

लिनक्स कर्नलमध्ये पाटकऱ्याचं काम कॉमन क्लॉक फ्रेमवर्क करतं. माइक टर्केट यांच्या पुढाकारानं ते २०१२ साली ३.४ या आवृत्तीत आलं. त्याआधी एआरएमच्या जवळजवळ प्रत्येक चिप-कुटुंबाची स्वतःची वेगळी क्लॉक व्यवस्था होती आणि तेच ते काम पुन्हा पुन्हा लिहिलं जात होतं. या फ्रेमवर्कचा गाभा म्हणजे एक मोजणी. ड्रायव्हरनं क्लॉक मागितला की आकडा एकनं वाढतो, सोडला की एकनं घटतो. शून्याचा एक होताना आधी वरचा पालक क्लॉक चालू होतो, मग हा. एकाचा शून्य होताना आधी हा बंद होतो, मग पालकाची मोजणी घटते. चालू न केलेला क्लॉक कुणी बंद करायला गेलं तर कर्नल लॉगमध्ये खडसावतो.

मागणी दोन टप्प्यांत असते, प्रिपेअर आणि एनेबल. नवख्यांना हे उगाच लांबवलेलं वाटतं, पण त्याला कारण आहे. पीएलएल स्थिर व्हायला वेळ लागतो. काही क्लॉक तर वेगळ्या चिपवर, आय-टू-सी तारेच्या पलीकडे असतात. तिथे संदेश पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. इंटरप्ट हाताळत असताना कर्नलला असं थांबून चालत नाही. म्हणून वाट पाहावी लागेल ते सगळं प्रिपेअरमध्ये, आणि झटक्यात होणारी गेटची उघडझाप एनेबलमध्ये.

बूट होताना बूटलोडरनं बरेच क्लॉक आधीच चालू केलेले असतात. ते कर्नलच्या मोजणीत नसतात. म्हणून बूटच्या अगदी शेवटी कर्नल सगळं झाड फिरून पाहतो: हार्डवेअरमध्ये चालू, पण मोजणी शून्य, असा क्लॉक दिसला की बंद. मला ही झाडलोट आवडते, पण तिनं हातही पोळतात. एका बोर्डावर काम करताना बूटचे संदेश दर वेळी एकाच ओळीवर थांबायचे. दोन दिवस मी त्या ओळीच्या ड्रायव्हरला दोष देत होतो. प्रत्यक्षात त्यापुढे सिरियल पोर्टचाच क्लॉक झाडलोटीत गेला होता. तो वापरात होता, पण कुणी तशी नोंद केली नव्हती. बूटलोडरनं लावलेलं चित्र पडद्यावर असताना डिस्प्लेचा क्लॉक जाऊन पडदा काळा होणं, हे त्याचंच भावंड. म्हणूनच साध्या फ्रेमबफर ड्रायव्हरला डिव्हाइस ट्रीमधून आपले क्लॉक धरून ठेवण्याची सोय नंतर द्यावी लागली.

अशा वेळी ‘न वापरलेल्या क्लॉकांकडे दुर्लक्ष कर’ असा बूट पर्याय कर्नलला देता येतो. दोष शोधायला तो उत्तम आहे. पण तो विकल्या जाणाऱ्या उपकरणात तसाच राहिला, तर प्रत्येक ग्राहकाची बॅटरी एका न केलेल्या नोंदीची किंमत मोजत राहते. कधीच बंद न होणारा क्लॉक असेल, उदाहरणार्थ मेमरीचा, तर त्याला ‘क्रिटिकल’ ही खूण आहे. ती एकाच क्लॉकवर लागते आणि वाचणाऱ्याला दिसते.

तरीही या झाडलोटीत सापडतात ते फक्त बेवारस क्लॉक. ज्यांना धनी आहे ते सुटतात, आणि माझ्या मते खरी उधळपट्टी तिथेच आहे. ड्रायव्हर सुरू होताना क्लॉक घेतो आणि काढून टाकेपर्यंत सोडत नाही. मोजणी चोख, लॉग स्वच्छ, आणि दिवसातून दोनदा लागणारं उपकरण चोवीस तास ठोके घेत बसलेलं. असं का लिहितात तेही समजतं. क्लॉक बंद असताना रजिस्टर वाचायला गेलं तर काही चिपांवर बस उत्तराची वाट पाहत राहते आणि सगळी यंत्रणा गोठते. या भीतीपोटी हात आखडतो.

या भीतीवर २००९ पासून कर्नलमध्ये असलेलं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट हा उतारा आहे. रजिस्टरला हात लावण्याआधी उपकरण जागं करायचं, काम झालं की सोडायचं. सोडल्याबरोबर क्लॉक तोडायचा नाही. काही मिलिसेकंद थांबायचं, कारण सारखी उघडझाप करण्यालाही खर्च आहे. थांबायचं किती, हे उपकरणाच्या कामाच्या लयीवर ठरतं. डीबगएफएसमध्ये क्लॉकांची सारांश-फाइल असते. बोर्ड शांत असताना ती उघडा आणि ज्यांची मोजणी शून्य नाही त्यांच्या धन्यांना एकेक करून विचारत जा.

क्लॉक थांबला तरी ट्रान्झिस्टरांतून वीज झिरपत राहतेच. ती थांबवायला त्या भागाचा वीजपुरवठाच तोडावा लागतो आणि मग रजिस्टरांतली माहितीही पुसली जाते. ती आधी कुठे जपून ठेवायची, ते पुढच्या आठवड्यात.