तांबडी वाइन आणि काळाची कसोटी

वाइनची चव केवळ वेलीवर ठरत नाहीं; ती करणाऱ्याच्या दृष्टीवरही अवलंबून असते. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरालगतच्या मॅगिल येथील पेनफोल्ड्स मद्यशाळेची कथा याची साक्ष देते. १९५० पर्यंत तेथें मुख्यतः स्पिरिट घातलेली गोड, कडक वाइन होत असे. त्या वर्षीं मुख्य मद्यकार मॅक्स शूबर्ट युरोपास गेले. फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत चाळीस-पन्नास वर्षें जपलेली तांबडी वाइन त्यांनीं चाखली आणि तशीच दीर्घायु वाइन मायदेशीं करण्याचा निश्चय केला.

१९५१ मध्यें त्यांनीं शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून ओक लाकडाच्या नव्या पिंपांत मुरविला. सालींतून गडद रंग व टॅनिन हें तुरट द्रव्य उतरतें. तेंच वाइनला वर्षानुवर्षें टिकवितें. परंतु ती कोवळी असतां जिभेला बोचतें. जाणकारांनीं नाकें मुरडलीं आणि १९५७ मध्यें संचालकांनीं काम थांबविण्याची आज्ञा दिली. शूबर्टांनीं तें गुपचूप चालू ठेवलें. दरम्यान जुन्या बाटल्यांतील वाइन मुरून मृदु झाली. ती चाखून संचालक मंडळानेंच १९६० मध्यें बंदी उठविली.

हीच पुढें जगभर नांवाजलेली ‘ग्रेंज’. ज्या गुणामुळें ती नाकारली गेली, त्याच गुणानें तिला कीर्ति दिली. उणीव होती ती केवळ काळाची.