प्रवाशांचा अतिसार आणि जलसंजीवनी

परदेश प्रवासात सर्वाधिक लोकांना गाठणारा आजार हिवताप किंवा डेंगू हा नसून साधी हगवण हा आहे, आणि वैद्यकशास्त्रात त्याला ‘प्रवाशांचा अतिसार’ असे स्वतंत्र नाव आहे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे आणि त्याच्या जोडीला मुरडा, मळमळ, ओकारी किंवा ताप यांपैकी एखादे लक्षण असणे, ही त्याची रूढ व्याख्या होय. दक्षिण व आग्नेय आशिया, आफ्रिका, मध्यपूर्व, मेक्सिको आणि मध्य अमेरिका या प्रदेशांत दोन आठवड्यांच्या मुक्कामात, स्थळ व ऋतू यांनुसार, 30 ते 70 टक्के प्रवाशांना तो होऊ शकतो.

आपण भारतीय असल्याने आपल्या पोटाला सर्व काही सोसते, हा समज मात्र फारसा भरवशाचा नाही. वारंवार संपर्कात येणाऱ्या जंतूंविरुद्ध काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण होते हे खरे असले, तरी ती अपुरी असते आणि संपर्क तुटला की ओसरत जाते; म्हणूनच अमेरिकेत किंवा युरोपात वाढलेली नातवंडे सुटीत पुण्याला किंवा कोल्हापूरला आजोळी आली की आजारी पडतात आणि अनेक वर्षे परदेशात राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांचीही त्यातून सुटका होत नाही.

या आजाराच्या मुळाशी बहुधा जिवाणू असतात आणि त्यांत आतड्यात विष सोडणाऱ्या ‘ई. कोलाय’ जातीचा वाटा मोठा असतो. हे विष आतड्याच्या अस्तरातील पेशींना क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर टाकायला लावते, आणि शौच पाण्यासारखे होते ते त्यामुळेच. आग्नेय आशियात ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जिवाणू, तर जहाजावरील सहलींत ‘नोरोव्हायरस’ हा विषाणू अधिक त्रास देतो. या विषाणूवर हाताला चोळायचे सॅनिटायझर फारसे चालत नसल्याने तेथे साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही.

‘उकळलेले, शिजवलेले किंवा सोललेले तेवढेच खावे’ हा जुना उपदेश योग्यच आहे. वाफाळते अन्न, स्वतः सोललेले फळ आणि सीलबंद बाटलीतील किंवा उकळलेले पाणी सुरक्षित असते. कापून ठेवलेले सॅलड, उघड्यावरची चटणी आणि बर्फ मात्र टाळावा, कारण गोठल्याने जंतू मरतीलच असे नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट, तर सुमारे 2000 मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळू द्यावे, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळते. परंतु स्वयंपाकघरातील हात, फडकी आणि भांडी प्रवाशाच्या ताब्यात नसतात, त्यामुळे काटेकोर पथ्य पाळूनही आजार होऊ शकतो. तेव्हा त्याच्याशी सामना करण्याची तयारी ही प्रतिबंधाइतकीच आवश्यक ठरते. विषमज्वर आणि ‘अ’ प्रकारची कावीळ यांच्या लसी उपलब्ध आहेत, त्यांचा विचार निघण्यापूर्वी काही आठवडे व्हावा.

बहुतेक रुग्ण तीन ते पाच दिवसांत आपोआप बरे होतात. तोवर धोका असतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून जाण्याचा, आणि उपचाराचा रोख त्यावरच हवा. जंतुविषामुळे आतडे पाणी बाहेर टाकत असतानाही ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारी त्याची यंत्रणा शाबूत राहते, आणि त्या दोहोंच्या पाठोपाठ पाणीही शोषले जाते. जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, याच तत्त्वावर उभी आहे. 1971 साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपांत भरून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. विसाव्या शतकातील वैद्यकाच्या श्रेष्ठ कामगिरींत जलसंजीवनीची गणना करणे मुळीच अतिशयोक्त नाही.

एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर सुरक्षित पाण्यातच विरघळवावे, अंदाजाने अर्धे-पाव करू नये, आणि केलेले द्रावण चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. साखरेच्या भीतीने मधुमेही व्यक्ती जलसंजीवनी टाळतात, पण प्रमाणित पाकिटात लिटरमागे अवघे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते आणि निर्जलीकरणाचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. उपास करण्याचेही कारण नाही. पेज किंवा मऊ भात चालतो.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइड गोळी बसच्या लांब प्रवासात उपयोगी पडते, मात्र शौचातून रक्त जात असेल किंवा ताप असेल तर ती घेऊ नये आणि लहान मुलांना देऊ नये. सौम्य जुलाबावर प्रतिजैविके घेण्याची आपल्याकडची सवय तर सोडलीच पाहिजे, कारण त्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतू आतड्यात ठाण मांडतात आणि प्रवाशाबरोबर घरी येतात. रक्त, जोराचा ताप, न थांबणारी ओकारी, लघवी कमी होणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे, आणि जुलाब दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ‘जिआर्डिया’सारख्या परजीवींसाठी शौचाची तपासणी करावी. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी, जुलाब लागल्यास त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.